इंजिन गरमच होत नाही? थर्मोस्टॅट बदलायच्या आधी हे क्रमानं तपासा

गाडी हिट झाली की कुणालाही कळतं, लगेच कडेला घेतो, बॉनेट उघडतो, ओळखीच्या फिटरला फोन लावतो. पण तापमानाचा काटा निम्म्याच्या खालीच पडून राहिला, नाहीतर डॅशबोर्डवरचा निळा दिवा दहा-पंधरा किलोमीटर गेलं तरी विझत नाही, तर बहुतेक लोक म्हणतात बरंय की, गार चालतीय म्हणजे इंजिनाला आराम. तसं अजिबात नसतं. इंजिन ठरलेल्या तापमानाला चालावं असंच बनवलेलं असतं, बहुतेक गाड्यांत कुलंट ८५ ते १०० डिग्रीच्या मधे राहिलं पाहिजे, आणि ते ६०-६५ ला अडकून राहिलं तर नुकसान होतंच, फक्त सावकाश होतं म्हणून लगेच दिसत नाही.

नुकसान काय ते आधी सांगतो म्हणजे पुढची मेहनत कशाला घ्यायची ते कळेल. ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून थंड आहे, मग ते पेट्रोल जास्त सोडत राहतं, जुन्या गाडीचा चोक ओढून ठेवल्यासारखं. अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आयडलिंग चढलेलं राहतं. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमधेच मिसळतं. एरवी ऑइलमधे शिरलेली पाण्याची वाफ आणि पेट्रोल इंजिन नीट तापलं की उडून जातं, गार इंजिनात ते तिथंच साठतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा, पिवळसर साय धरलेली दिसली तर बहुतेक हेच चाललंय. (सायीबरोबर कुलंट पण कमी होत असेल तर मात्र हेड गॅसकेटचा संशय धरा, तो विषय वेगळा.) बीएस ६ डिझेल असेल तर आणखी एक भानगड, इंजिन तापल्याशिवाय डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी धरणाऱ्या फिल्टरची, सफाई सुरूच होत नाही, मग फिल्टर चोक व्हायला लागतो आणि तो खर्च थर्मोस्टॅटच्या कितीतरी पट असतो.

सगळ्यात आधी विचारा, व्हॉल आहे का काढलाय?

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून पहिली. व्हॉल म्हणजे थर्मोस्टॅटच, इंजिन तापेपर्यंत कुलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा. आपल्याकडं जुनी पद्धत आहे, खंबाटकी चढताना गाडी एकदा हिट झाली की फिटर म्हणतो, मालक, व्हॉल काढून टाकू, परत कधी हिट व्हायची नाय. आणि खरंच तेवढ्यापुरती गाडी हिट व्हायची थांबते, कारण आता कुलंट सकाळी सेल्फ मारल्यापासून रेडिएटरमधनं फिरतंय. पण मूळ दुखणं, म्हणजे रेडिएटरची जाळी चोक असेल, वॉटर पंप कमजोर असेल, फॅन लागत नसेल, ते तसंच राहिलं आणि वर इंजिन कायमचं गार झालं.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बऱ्याच इंजिनात थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात, वरची रेडिएटरची वाट उघडते तेव्हा खालची बायपासची वाट बंद करते. हा व्हॉल काढला की बायपास कायम उघडा राहतो, म्हणजे थोडं गरम कुलंट रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं. अशी गाडी सपाटीला गार चालते आणि भर उन्हाळ्यात, फुल लोडमधे, एसी लावून घाट चढायला घेतला की उलट हिट होते. म्हणजे ज्या कारणासाठी काढला तेच परत पुढ्यात.

तेव्हा गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकाला, नाहीतर तुमच्या नेहमीच्या फिटरला सरळ विचारा. व्हॉल काढलेला निघाला तर निम्मी शोधाशोध वाचली.

गार म्हणजे नक्की कधी म्हणायचं

प्रत्येक वेळी बिघाडच असतो असं नाही. डिझेल इंजिन मुळातच सावकाश तापतं, नुसतं उभ्या उभ्या चालू ठेवलं तर थंडीत ते पूर्ण तापतच नाही, त्यात काही गैर नाही. कासवरनं यवतेश्वरचा घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवर पायच नसतो, इंजिनात इंधन जवळजवळ जळतच नाही, तिथं तापमान थोडं उतरणारच. हायब्रिड गाडीत तर इंजिन मधेमधे बंदच असतं.

काट्यावर पण फार भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो, तापमान मधल्या पट्ट्यात वीस-तीस डिग्री वरखाली झालं तरी तो मधेच उभा. म्हणून अशा गाडीत काटा मधल्या खुणेच्या खाली दिसत असेल तर तापमान चांगलंच उतरलंय असं समजा. ज्या गाड्यांना काटाच नाही, नुसता निळा-लाल दिवा आहे, तिथं निळा दिवा किती वेळानं विझतो ते घड्याळात बघून ठेवा. साताऱ्याच्या थंडीत नॉर्मल चालवताना पाच-सात मिनिटांत विझायला पाहिजे, वीस मिनिटं लागत असतील किंवा विझून उतारावर परत लागत असेल तर गडबड आहे.

कुलंटची लेव्हल, ती पण थंड इंजिनावर

सकाळी गाडी हलवायच्या आधी रिझर्व टाकी बघा, आणि रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर ते पण उघडून बघा. गरम इंजिनावर झाकणाला हात लावायचा नाही, आत प्रेशर असतं, उकळतं कुलंट तोंडावर येतं आणि भाजलेलं बरं व्हायला महिने जातात.

लेव्हल एवढी महत्त्वाची का, तर तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं टोक कुलंटमधे बुडालेलं असलं तरच तो खरं सांगतो. कुलंट कमी झालं की टोक हवेत लटकतं आणि काटा खाली पडतो, आत इंजिन भाजत असलं तरी. म्हणून चालता चालता काटा एकदम खाली आला, हिटर अचानक गार हवा फेकायला लागला, तर गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करा. गार इंजिनाच्या नावाखाली हेड वाकलेल्या गाड्या असतात त्या याच प्रकारातल्या. कुलंट कमी निघालं तर आधी गळती शोधा, नंतर बाकीचं.

खरंच गार आहे का नुसतं दिसतंय

इथं घाई करू नका, निम्मे लोक इथंच फसतात, व्हॉल बदलतात आणि मग कळतं की सेन्सरच खोटं बोलत होता.

एक ईएलएम ३२७ चं ब्लूटूथ डोंगल घ्या (पुढं स्कॅनर म्हणतो ते हेच), स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधे बसतं, मोबाईलवर फुकट अ‍ॅप मिळतात. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत चालतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता नुसती चावी ऑन करा आणि दोन आकडे बघा, कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभरात सगळं एका पातळीला आलेलं असतं, त्यामुळं दोन्ही आकडे दोन-चार डिग्रीच्या फरकानं सारखेच पाहिजेत. जानेवारीत पहाटे हवा १४ दाखवतीय आणि कुलंट ३ दाखवतंय तर सेन्सर किंवा त्याचं कनेक्टर बिघडलंय. आणि सरळ उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटलीय किंवा कनेक्टर निघालंय, तिथं पुढं बघायची गरजच नाही.

आकडे जुळले तर गाडी सुरू करा, चांगली वीस मिनिटं चालवा, मग लेझर टेंपरेचर गनने थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर तापमान घ्या. यात एक बारीक गोष्ट, हाउसिंग चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि गन चकचकीत धातूवर हमखास कमी आकडा दाखवते. तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा आधीच, इंजिन गार असताना चिकटवून ठेवा आणि त्या टेपवर गन मारा. फॅनपासनं हात आणि गळ्यातला मफलर लांब, इंजिन बंद असलं तरी इलेक्ट्रिक फॅन कधीही लागू शकतो.

आता बघा. स्कॅनर ६२ आणि गन ५८ म्हणते, तर इंजिन खरंच गार आहे, वरचा पत्रा आतल्या कुलंटपेक्षा थोडा कमी दाखवणारच. स्कॅनर ६२ आणि गन ८८ म्हणते तर इंजिन ठीक आहे, सेन्सर खोटं सांगतोय. आणि स्कॅनर बरोबर ९० दाखवतोय पण डॅशबोर्डवरचा काटाच खाली आहे, तर दोष काट्याच्या लाईनमधे.

खरंच गार असेल तर व्हॉल

थर्मोस्टॅटमधे मेण भरलेली एक पितळी डबी असते. मेण तापून वितळलं की फुगतं, दांडा ढकलतं आणि वाट उघडते, गार झालं की स्प्रिंग ती वाट परत बंद करते. स्प्रिंग थकली, कडेला खार धरला, किंवा मागच्या कामातल्या सिलिकॉनचा एखादा तुकडा फटीत अडकला की तो पूर्ण बंद होत नाही. बोअरचं पाणी रेडिएटरमधे ओतायची सवय आपल्याकडं आहे, त्या क्षाराचा पांढरा थर व्हॉलच्या कडेवर दिसतोच. पूर्ण उघडा अडकायला पाहिजे असं नाही, एक-दोन मिलिमीटरची फट राहिली तरी हायवेला तापमान वर येत नाही.

आधी हाताची टेस्ट. गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरला जाणारा होज पाईप मधनंमधनं चाचपत राहा. चांगला व्हॉल असेल तर पाईप बराच वेळ गार राहतो, स्कॅनरवर ८०-८५ च्या पुढं गेलं की एकदम गरम होतो. फुटलेला व्हॉल असेल, म्हणजे उघडाच अडकलेला, तर पहिल्या दोन-तीन मिनिटांपासनं पाईप हळूहळू कोमट व्हायला लागतो. पण तुमच्या इंजिनात व्हॉल कुठं आहे ते आधी बघा. काही इंजिनात तो खालच्या पाईपच्या तोंडाला असतो, तिथं वरचा पाईप आधीच गरम होणं नॉर्मल आहे, तिथं खालचा पाईप गार राहतोय का ते बघायचं.

मग रस्त्यावरची टेस्ट, आणि यात मला सगळ्यात जास्त विश्वास आहे. साताऱ्यातल्यांना हे सोपं आहे, एकाच सकाळी गर्दी, हायवे आणि घाट तिन्ही मिळतं. मोबाईल शेजारच्या माणसाच्या हातात द्या, चालवणाऱ्यानं आकडे बघायचे नाहीत. पोवई नाक्याच्या गर्दीत दहा-पंधरा मिनिटं फिरवा, मग वाढे फाट्यावरनं हायवेला लागून आनेवाडी टोलनाक्याकडं ८० च्या स्पीडनं सरळ चालवा. गर्दीत तापमान ८०-८५ पर्यंत चढतं आणि हायवेला वारा लागला की ६५-७० ला उतरून तिथंच राहतं, असं झालं तर व्हॉल उघडा अडकलाय, याच्याइतकी स्वच्छ खूण दुसरी नाही. परत येऊन यवतेश्वरचा घाट चढा, चढाला आकडा वर जाईल, आणि उतरताना बघा. चांगल्या व्हॉलवर थोडाफार उतरून थांबतो कारण व्हॉल बंद होऊन रेडिएटर तोडतो, खराब व्हॉलवर घसरतच जातो.

स्कॅनरवर पी०१२८ हा बिघाडाचा कोड आला असेल तर त्याचा अर्थ एवढाच की ईसीएमच्या हिशोबानं कुलंट ठरलेल्या वेळात ठरलेल्या तापमानाला पोचलं नाही. हा कोड बहुतेक वेळा व्हॉलचाच असतो, पण कुलंट कमी असलं किंवा सेन्सर चुकत असला तरी येतो, म्हणून नुसता कोड बघून पार्ट आणायला पळू नका. पी०११८ आला तर तो सेन्सरच्या सर्किटचा, वायर तुटल्याचा.

पातेल्यातली टेस्ट

व्हॉल काढल्यावर, आणि नवीन आणलेला पण, पाण्यात उकळून बघायचा. जुनं, स्वयंपाकात परत न वापरायचं पातेलं घ्या, कुलंट विषारी असतं. व्हॉलवर आकडा छापलेला असतो, ८२ किंवा ८८ वगैरे, ते उघडायला सुरू व्हायचं तापमान. व्हॉल बंद असतानाच त्याच्या फटीत एक दोरा धरा, म्हणजे दोऱ्याच्या आधारानं तो लोंबकळत राहील, आणि पाण्यात सोडा, तळाला टेकता कामा नये. शेजारी थर्मामीटर. व्हॉल उघडायला लागला की दोरा सुटून तो खाली पडतो, त्या क्षणी थर्मामीटर वाचा. छापील आकड्याच्या दोन-तीन डिग्री इकडंतिकडं चालेल. पाण्याबाहेर काढल्यावर कडेनं पूर्ण बंद होतोय का ते उजेडासमोर धरून बघा, किनारीतनं उजेडाची रेघ दिसली तर तो गेला. वर जे बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते ती हवा निघायची वाट आहे, ती दोष समजू नका.

एक लक्षात ठेवा, व्हॉल पूर्ण उघडायला छापील आकड्याच्या दहा-पंधरा डिग्री वर जावं लागतं, आणि सातारा समुद्रसपाटीपासनं सातशे मीटरच्या वर असल्यानं इथं पाणी ९७-९८ लाच उकळतं. म्हणून ८८ चा व्हॉल पातेल्यात पूर्ण उघडलेला दिसणार नाही, अर्धामुर्धा उघडेल. तो खराब म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

फॅन

इलेक्ट्रिक फॅनवाली गाडी असेल तर गार इंजिन, एसी बंद, आणि सुरू करताच फॅन लागतो का ते बघा. लागत असेल तर एकतर फॅन चालू-बंद करणारा रिले चिकटलाय, नाहीतर कुणीतरी फॅन डायरेक्ट केलाय, नाहीतर सेन्सरचा सिग्नल गेल्यामुळं ईसीएमनं खबरदारी म्हणून फॅन चालू ठेवलाय. रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून दोन मिनिटांत कळतं. पण नुसत्या फॅनमुळं इंजिन ६० ला राहत नाही, व्हॉल चांगला असेल तर तो बंद होऊन तापमान सांभाळतो. फॅन कायम चालू आणि इंजिन पण गार, म्हणजे व्हॉल पण बघावा लागणार.

बेल्टवर फॅन असलेल्या जुन्या डिझेल जीप-सुमो टाइप गाड्यांत फॅनला गरजेपुरतंच पुलीशी जोडणारा व्हिस्कस क्लच असतो. इंजिन गार आणि बंद, चावी खिशात, मग फॅन हातानं फिरवा. थोडा जड फिरला पाहिजे. जाम असेल, म्हणजे पुलीबरोबरच फिरत असेल, तर क्लच अडकलाय, अशी गाडी रेस केली की विमानासारखा आवाज येतो आणि थंडीत तापायला फार वेळ घेते.

सेन्सर खोटं बोलत असेल तर

याला हलक्यात घेऊ नका. कनेक्टरमधे हिरवा गंज धरला की रेझिस्टन्स वाढतो, आणि या सेन्सरचं गणित असं की रेझिस्टन्स जास्त म्हणजे तापमान कमी. मग ईसीएम इंजिनाला गार समजतं, पेट्रोल जास्त देतं आणि फॅन उशिरा लावतं, म्हणजे दिसायला गार आणि आतनं हिट. मल्टिमीटर लावा, बऱ्याच गाड्यांच्या सेन्सरला २० डिग्रीला दोन ते तीन किलो ओहम आणि ८० डिग्रीला तीनशे ओहमच्या आसपास दाखवतो. आधी कनेक्टर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना बघा, खूपदा तेवढ्यावर भागतं.

जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा, एका वायरचा असतो आणि तो अर्थिंग आपल्या आट्यांमधनंच घेतो. तिथं कुणी भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला असेल तर अर्थिंग नीट मिळत नाही आणि काटा खाली राहतो. अशा जुन्या गाडीत चावी ऑन करून ती एक वायर क्षणभर बॉडीला टेकवली की काटा हिटकडं पळाला पाहिजे. पळाला तर काटा आणि वायर ठीक, सेन्सर बदला. दोन वायरच्या, ईसीएमच्या सेन्सरवर हा प्रयोग करायचा नाही.

नवीन व्हॉल बसवताना

पार्ट घेताना छापील आकडा तुमच्या गाडीला कंपनीनं दिलेलाच आहे का ते बघूनच घ्या. "गरम भागासाठी कमीचा टाका" असं सांगतील, ऐकू नका, ८८ च्या जागी ७६ टाकला तर परत तीच तक्रार. इंजिन पूर्ण गार करून, कुलंट स्वच्छ बादलीत काढून, हाउसिंगचे दोन-तीन बोल्ट सोडायचे. जुना गॅसकेट पूर्ण खरवडून काढा, तुकडे आत पडू देऊ नका. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडं, पिनचं भोक सगळ्यात वर. नवीन रबर रिंग असेल तर सिलिकॉन लावायची गरज नाही. बोल्ट आळीपाळीनं आवळा, अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या लगेच जातात आणि प्लॅस्टिकचं हाउसिंग तडकतं.

भरताना रेडीमिक्स कुलंट, किंवा कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. नळाचं नको, बोअरचं तर नकोच. गाडीचं नाक चढाकडं करून उभी करा, हिटरचा नॉब फुल गरमवर, झाकण उघडं ठेवून सुरू करा, होज पाईप हातानं दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा आणि इंजिन गरम व्हायच्या आत झाकण लावा. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो वापरा. काढलेलं कुलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात. डब्यात भरून गॅरेजला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल परत बघा, राहिलेली हवा निघाली की थोडी खाली गेलेली असते. कोड पुसून तोच आनेवाडीचा रस्ता परत मारा, हायवेला आकडा ८५-९० च्या घरात टिकला पाहिजे. आणि गाडी बरेच महिने गार चालली असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा लेव्हल खुणेच्या वर चढलेली असेल, तर सर्व्हिसचे किलोमीटर भरायची वाट न बघता ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.